तुळशीपाशी ठेवलेला कातळ

मी एका जुन्या कातळाचा तोडून आणलेला तुकडा आहे, आणि मी रागावलेलो आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तूंनी गरीब आवाजात बोलायचं असतं, हे मला ठाऊक आहे. फुटकी छत्री, गळकी बादली, गंजलेली सायकल, सगळ्या कशा हळहळत बोलतात. मला ते जमणार नाही. दगड तापायला वेळ लागतो आणि निवायलाही वेळ लागतो. मी आत्ता तापलेला आहे, तेव्हा ऐकायचं असेल तर तसंच ऐका.

सध्या माझा मुक्काम मूर्तिजापुरात आहे. शकुंतला रेल्वेचे बंद पडलेले रूळ जिथून दिसतात, त्या गल्लीत नारायणराव वकिलांचं घर आहे. त्या घराच्या अंगणात तुळशीवृंदावन आहे आणि त्या वृंदावनात, मातीत अर्धा रुतून, मी बसलो आहे. तुळस मात्र त्यात नाही. ती का नाही, हेच मला सांगायचं आहे.

आधी माझं मूळ ऐका. कोकणात एक डोंगर थेट समुद्रात पाय सोडून बसला आहे. त्याच्या पायथ्याच्या कातळाचा मी भाग होतो. भरतीला लाटा आमच्यावर आपटत आणि ओहोटीला आम्ही उन्हात वाळत असू. लोक येत, आमच्या अंगावरची भोकं पाहत आणि म्हणत, बघा, लाटांनी काय कोरीव काम केलंय! सगळं श्रेय लाटांना. लाट येते, आवाज करते आणि निघून जाते. खरं कोरतं ते मीठ. लाटेचे तुषार आमच्या बारीक छिद्रांतून आत शिरतात. ऊन पडलं की पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, फुगतं आणि आमच्या अंगाचा एकेक कण आतून ढकलून बाहेर पाडतं. असं युगानुयुगं चाललं, तेव्हा कुठे माझ्या अंगावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी झाली. म्हणजे मी दिसायला दगड असलो, तरी आतून मिठानं भरलेला आहे. हे लक्षात ठेवा, कारण वकिलांच्या घरात ते कुणी लक्षात घेतलं नाही.

तिथे माझं बरं चाललं होतं. भोकांत लहान खेकडे राहत. ओहोटीला बायका कालवं काढायला येत आणि पाय घसरू नये म्हणून माझ्या कडेला हात टेकत. डोंगरावर देऊळ होतं आणि त्याची प्रदक्षिणेची वाट आमच्यावरून जायची. वाटेवर पाटी होती : इथले दगड, शंख, शिंपले नेऊ नयेत.

ती पाटी नारायणरावांनी मोठ्यानं वाचली. दिवाळीच्या सुट्टीत सगळं घर तिथे आलं होतं : नारायणराव, त्यांची बायको कुंदाबाई, कॉलेजात शिकवणारा मुलगा केदार, सून मंजुषा आणि नात श्रावणी. श्रावणी आठवीत आहे. कुंदाबाईंना माझी जाळी फार आवडली. देवाच्या दारातला दगड, तुळशीत ठेवू, रोज त्याच्यावरून पाणी घातलं की तुळशीला तीर्थ मिळेल, असं त्यांनी ठरवलंसुद्धा. केदार गाडीतून चाकाचा पाना घेऊन आला. श्रावणी एकटीच म्हणाली की पाटीवर नको लिहिलं आहे ना. तिचे आजोबा हसले. एवढ्या मोठ्या समुद्राचा एक दगड नेल्यानं काय होते, असं म्हणाले. जन्मभर कायद्याचं खाल्लेला हा माणूस! पाटी वाचायला आली, पाळायला नाही आली.

पान्याचे घाव बसले. ते कसे लागले ते सांगत नाही. ओल्या टॉवेलात गुंडाळून त्यांनी मला डिकीत टाकलं. गाडीतली माणसं पुढे ठेचा-भाकरी खात होती, गाणी लावत होती आणि मागे मी घाट उतरतोय की चढतोय, हेही मला कळत नव्हतं. वास मात्र कळत होता. हवेतलं मीठ कमी कमी होत गेलं आणि एका क्षणी पार संपलं.

वृंदावनात मोठी देखणी तुळस होती. मंजिऱ्यांनी लवलेली, कमरेइतकी उंच. माझं तिच्याशी काही भांडण नव्हतं. तिच्या मुळाशी मला रुतवलं आणि दुसऱ्या सकाळपासून कुंदाबाई माझ्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतू लागल्या. हात जोडून ओतत. ते पाणी माझ्या भोकांतून आत जाई, आतलं मीठ विरघळवून घेई आणि मुळांशी झिरपे. वृंदावन खालून सिमेंटनं बंद. पाणी बाहेर जायला वाटच नाही. रोज तांब्याभर तीर्थ, आणि रोज मूठभर विष. मी जिवाच्या आकांतानं ओरडत होतो, की बाई, थांबा! पण दगडाचं ओरडणं कोण ऐकणार? माणसं माणसाचं ऐकत नाहीत.

तुळशीचं लग्न लागलं तेव्हा ती हिरवी होती. त्यानंतर तिच्या पानांच्या कडा करपल्या, मग पानं गळली, आणि मार्गशीर्ष लागता लागता तिची काटकी झाली.

आता मित्रांनो, घरात भरभरून वाढलेली तुळस वाळली, तर शहाण्या माणसानं काय करावं? माती उकरून पाहावी. पाणी पाहावं. नवीन काय आणलं ते आठवावं. मी तिथेच, समोर, ढळढळीत बसलो होतो. पण कुंदाबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी नातीकडे पाहिलं.

श्रावणीला त्याच वर्षी पाळी यायला लागली होती. त्या दिवसांत तुळशीला शिवायचं नाही, सावलीही पडू द्यायची नाही, हा त्या घरातला नियम. का, ते कुणी तिला सांगितलं नव्हतं. कुंदाबाईंनाही त्यांच्या लहानपणी कुणी सांगितलं नव्हतं. मंजुषाला खोकला झाला होता तेव्हा श्रावणीनं काढ्यासाठी तुळशीची पानं तोडली होती. तेवढं धरून कुंदाबाईंनी तिला ओसरीवर उभं केलं.

“हात लावला होता का नाई, तेवढं सांग.”

“लावला होता न आजी. पण तवा माही पाळी नव्हती.”

कुंदाबाईंचा विश्वास बसलेला नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरच दिसलं. मंजुषा दबक्या आवाजात म्हणाली, की पाण्याचं काहीतरी असेल. तिला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून कुणी ऐकलंही नाही. नारायणराव खुर्चीत पेपर वाचत होते. कोर्टात साक्षीपुराव्याशिवाय समोरच्या वकिलाला एक वाक्य पुढे जाऊ देत नाहीत म्हणे. घरी मात्र नातीवर आरोप झाला आणि यांनी पान उलटलं.

हार-फुलं घेऊन रोज पार्बताबाई येतात. गावाबाहेर त्यांचा झेंडू-शेवंतीचा मळा आहे. त्यांनी दुसरं रोप आणून दिलं. ते लावलं, आणि श्रावणीला अंगणात उतरायचीच बंदी झाली. चार दिवसांची नाही, कायमची. शाळेत जायचं तर मागच्या दारानं. सायकल मागे. दोरीवरचे कपडे काढायचे नाहीत. बिचारी उंबरठ्यापर्यंत यायची आणि तिथूनच अंगणाकडे पाहायची. इकडे माझ्या डोक्यावर तांब्या सुरूच. दुसरं रोप कोवळं होतं. ते पहिल्याइतकंही टिकलं नाही.

मी मनात म्हटलं, चला, आता तरी कळेल. मुलगी अंगणात आलीच नाही, तरी रोप मेलं, म्हणजे मुलीचा दोष नाही. लहान पोरालाही कळावं असा हिशेब आहे. पण माणसाला एकदा चुकीचं उत्तर आवडलं की तो गणितच बदलतो.

“खोटं नोको बोलू माह्याशी,” कुंदाबाई म्हणाल्या. “तू चोरून गेली असशीन. नाईतर हिरवंगार झाड काहून जळन?”

श्रावणी रडली नाही. मी नाही गेली, एवढंच ती म्हणत राहिली. आधी मोठ्यानं, मग हळू, आणि मग तिनं म्हणायचंच सोडलं. आजीनं दोन-चार घरी आणि पार्बताबाईंना सांगितलं, पार्बताबाईंनी हारांबरोबर ते घरोघरी पोचवलं. पोरगी ऐकत नाही, वरून खोटं बोलते, अशी गल्लीभर कीर्ती झाली. तिच्याबरोबर शाळेत जाणारी मैत्रीणसुद्धा हाक मारायला यायची बंद झाली. आणि मी, ज्याच्या पोटात खरं उत्तर होतं, तो तिथेच गप्प बसून होतो. दगड असण्याचा असा संताप मला समुद्रावर कधी आला नव्हता.

तुळसच नाही म्हटल्यावर तांब्या थांबला. थंडीतलं कोरडं ऊन माझ्यावर पडू लागलं, मी वाळू लागलो आणि उरलंसुरलं मीठ माझ्या अंगावर येऊन फुललं. पांढरं, मऊ, पिठासारखं.

कुंदाबाईंनी ते पाहिलं आणि त्या जागच्या जागी खाली बसल्या. विभूती! तीर्थाच्या दगडातून विभूती निघाली! मग काय विचारता. मला शेवंतीचा हार. माझ्यापुढे निरांजन. गल्लीतल्या बाया यायच्या, माझ्या अंगावर बोट फिरवून कपाळाला लावायच्या. पार्बताबाईंनी गुडघ्याला चोळलं. ज्या मिठानं दोन तुळशी मारल्या, त्याला नमस्कार, आणि जिनं काहीच केलं नाही, ती उंबरठ्याआड. माझं एवढं कौतुक समुद्रावर कुणी केलं नव्हतं. मला त्याची किळस आली. राग कुणावर काढावा तेच कळेना.

आणि आता ते सांगतो, ज्याच्यासाठी हे सगळं सांगायला बसलो.

कुंदाबाईंचं माहेर दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. तिथे विहिरीचं पाणी खारं, त्यात डाळ शिजत नाही, आणि उन्हाळ्यात जमिनीवर पांढरा थर येतो. त्या थरावर अनवाणी खेळून ही बाई मोठी झालेली. संक्रांतीच्या आधी एका सकाळी त्या एकट्या अंगणात आल्या. अंगारा पुडीत भरायचा होता. भरता भरता त्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवला, जशी रीत असते तसा. आणि त्या थांबल्या.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग वृंदावनातली माती नखानं उकरली आणि तीही जिभेला लावली. मग नळावर जाऊन चूळ भरली. मित्रांनो, त्यांना कळलं. सगळं कळलं, मी शपथेवर सांगतो. तांब्या, तीर्थ, मुळं, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलेलं मी पाहिलं. मला वाटलं, आता ही बाई घरात धावेल, नातीला पोटाशी धरेल. तेवढ्यात फाटक वाजलं. पार्बताबाई दोघी-तिघींना घेऊन दर्शनाला आल्या होत्या. कुंदाबाईंनी तोंड पुसलं, माझ्या अंगावरचं पांढरं बोटावर घेतलं आणि त्या बायांच्या कपाळाला लावलं.

चूक झाली होती तोवर मी नुसता रागावलो होतो. अडाण्याला माफ करता येतं. पण कळल्यावर गप्प बसली ना, तेव्हापासून मी जळतो आहे. बायांपुढे मान खाली घालायला नको, म्हणून तेरा वर्षांच्या मुलीची मान खाली घातलेलीच राहू दिली.

संक्रांतीनंतर कुंदाबाईंनी हळदीकुंकू केलं. अंगणात सतरंज्या, बाया नटूनथटून आलेल्या. वाण म्हणून स्टीलच्या वाट्या, आणि प्रत्येक वाटीत अंगाऱ्याची पुडी. त्या पुड्या आधीच बांधून झाल्या होत्या. बायांना कबूल करून झालं होतं. आता कसं फिरवायचं, म्हणून त्या वाटत होत्या. कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हत्या, एवढं मला दिसत होतं.

आदल्या दिवशी श्रावणीची चाचणी परीक्षा होती. मंजुषानं तिलाही अंगारा दिला होता. कपाळाला लाव, थोडा जिभेवर ठेव. पोरीनं ठेवला. त्या संध्याकाळी ती उंबरठ्यावर येऊन बराच वेळ माझ्याकडे पाहत उभी राहिली. इतक्या दिवसांत मला दगड समजून पाहणारी ती पहिलीच.

हळदीकुंकवाला ती पुन्हा त्याच उंबरठ्यावर उभी राहिली. बाया गप्पांत होत्या. तिनं साध्या आवाजात हाक मारली.

“आजी, अंगारा जिभेवर ठेवून पाह्य न एकदा.”

कुंदाबाईंच्या हातातली वाटी तशीच राहिली. सगळ्या बाया वळल्या. कुंदाबाईंना सहज म्हणता आलं असतं, की जा आत, देवाची थट्टा करू नये. मला वाटलं, म्हणतीलच. त्यांनी वाटी खाली ठेवली.

“ठेवला होता.”

“मग कसा लागला?”

“खारा.”

“कधी ठेवला होता?”

“संक्रांतीच्या आंधी.”

खारा लागतो हे श्रावणीला माहीत होतं. आजीलाही माहीत होतं, हे तिला आत्ता कळलं. मीठ सापडल्याचा आनंद तिच्या तोंडावर आलाच नाही.

मग कुंदाबाई उभ्या राहिल्या आणि बायांना म्हणाल्या, की पोरीनं तुळशीला काही केलं नाही. आपणच या दगडावरून रोज पाणी घातलं आणि आपणच दोन्ही तुळशी मारल्या. हे मीठ आहे, ती खरं बोलत होती आणि खोटं आपण बोललो. त्यांनी ते सगळ्यांसमोर बोलून टाकलं. हे मी कबूल करतो. रागातही खरं ते सांगावं.

तुम्हाला वाटलं असेल, आता बाया हळहळल्या असतील आणि कुणीतरी श्रावणीला जवळ घेतलं असेल. पार्बताबाईंनी पुडी पदराला बांधली.

“मीठ असो का काही असो कुंदाताई, माह्या गुडघ्याले तं गुण आला.”

दुसरी म्हणाली, देवाचं असं चाखून पाहायचं नसतं. तिसरी म्हणाली, काही झालं तरी पोरीनं तुळशीला हात लावायचाच नव्हता. आणि सगळ्या आपापल्या वाट्या घेऊन निघाल्या. एकीनंही पुडी परत ठेवली नाही. माझं मीठ आज गल्लीतल्या देवघरांत देवापुढे बसलं आहे. मी दगड आहे, पण दगडालाही लाज वाटते.

नारायणराव कोर्टातून आले. सगळं ऐकून घेतलं आणि झालं ते झालं, आता कायले वाढवता, असं म्हणून कोट काढायला लागले. निकाल लागला, खटला संपला! श्रावणी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“आजोबा, मले खोटारडी म्हटलं तवा तुमी इथंच बसले होते.”

त्यांनी काढलेलं बटण पुन्हा लावलं. एवढा मोठा वकील!

कुंदाबाईंनी नातीला अंगणात बोलावलं. ये बाई, बाहेर ये, आता कुणी काही म्हणणार नाही. श्रावणी आली नाही. तू सगळ्यांना सांगितलं होतं, म्हणाली. माझ्या मैत्रिणीच्या आईलाही सांगितलं होतं. तिथे जाऊन सांग.

आणि कुंदाबाई गेल्या. पायात चपला घातल्या, डोक्यावरून पदर घेतला आणि ऐन हळदीकुंकवाच्या साडीत गल्लीतल्या दारोदार फिरल्या. कुठे काय झालं, ते मला दिसलं नाही. फाटकापलीकडे माझी नजर पोचत नाही. त्या परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पडलेला होता, त्यावरून तुम्हीच समजा.

मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी आम्ही वस्तू विनवणी करतो, की आम्हाला जपा, फेकू नका. मी विनवणी करणार नाही, मी बजावणार आहे. समुद्राचा कातळ समुद्रावर राहू द्या. पाटी वाचता येत असेल तर पाळायलाही शिका. आणि चुकून घरात आणलातच एखादा, तर त्यानं केलेलं नुकसान घरातल्या सगळ्यांत लहान पोरीच्या माथी मारू नका. झाड वाळलं, तर माती चाखून पाहा. ते जास्त कठीण असतं का? आणि मुलगी ‘मी नाही केलं’ म्हणाली, तर एकदा तरी तिचं खरं धरून बघा. मला परत नेलंत तर बरंच होईल, पण मला घाई नाही. आधी तिच्याशी जे बोलायचं राहिलं आहे, ते बोला.

आत्ता ऊन उतरलं आहे. सतरंज्या अजून उचललेल्या नाहीत. श्रावणी उंबरठ्यावर बसली आहे. उंबरठ्यावर बसू नये, हा कुंदाबाईंचाच नियम. त्या आल्या आणि तिच्याशेजारी त्याच उंबरठ्यावर टेकल्या. श्रावणीनं सरकून जागा दिली नाही. पण ती उठूनही गेली नाही.